मॅच रेसमध्ये सुरुवातीआधी पुढे असलेली होडी मागे कशी पडते?

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला, कारण त्यात तीन प्रश्न एकमेकांत गुंतले आहेत. तुम्ही सांगलीचे, कृष्णेतल्या होड्यांच्या शर्यतींत पाच हंगाम वल्हे मारलेले, गेल्या वर्षापासून नोकरीनिमित्त मुंबईत असून तेथे शिडाची होडी शिकत आहात. पहिल्याच मॅच रेसमध्ये, म्हणजे दोनच होड्यांच्या शर्यतीत, तुमच्या होडीला निळा झेंडा मिळाला. सुरुवातीला सव्वा मिनिट उरले असताना तुम्ही आणि पिवळ्या झेंड्याचा प्रतिस्पर्धी सुरुवातीच्या रेषेच्या उजव्या टोकाला असलेल्या कमिटी बोटीच्या बऱ्याच उजवीकडे निघून गेला होतात. वारा दोघांच्याही डाव्या अंगावर होता आणि तुम्ही त्याच्या सुमारे दोन होड्यांइतके पुढे होता. रेषेकडे परतण्यासाठी तुम्ही टॅक केला, म्हणजे होडीचे पुढचे टोक वाऱ्याच्या दिशेतून पलीकडे नेत वळलात, त्याने झेंडा उंचावला आणि अंपायरांनी निळा झेंडा दाखवून तुम्हाला पेनल्टी दिली. ती पेनल्टी योग्य होती का, सुरुवात होताच ती फेडून टाकली हे बरोबर केले का, आणि त्यानंतर पूर्ण टप्पाभर तो तुमच्या वाऱ्याच्या वाटेत बसून राहिला याला खिलाडूवृत्ती म्हणायचे का, असे तुमचे तीन प्रश्न आहेत. तुमच्या होडीचा वेग त्याच्यापेक्षा किंचित जास्तच होता, असेही तुम्ही लिहिले आहे.

मी नौदलात असताना मुंबई बंदरात शिडाची होडी शिकलो, काही वर्षे स्पर्धा खेळलो, पुढे काही हंगाम अंपायरांच्या बोटीतही बसलो. निवृत्तीनंतर साताऱ्यात राहतो आणि उन्हाळ्यात कण्हेर धरणाच्या जलाशयात, रीतसर परवानगी काढून, एंटरप्राइज जातीच्या दोन जुन्या, छोट्या शिडाच्या होड्यांवर चार-सहा मुलांचा सराव घेतो. पुढे जे लिहिले आहे ते याच अनुभवावरचे आहे. तुमची शर्यत मी पाहिलेली नाही. त्यामुळे जेथे उत्तर त्या क्षणीच्या कोनावर किंवा अंतरावर अवलंबून आहे, तेथे तसे स्पष्ट म्हणेन.

खरी अडचण मला पेनल्टीच्या आधीच दिसते. सव्वा मिनिट उरले असताना तुम्ही स्वतःला पुढे समजत होता. आयर्विन पुलाजवळ तुम्ही जी शर्यत खेळलात, तिच्यात जो पुढे तो पुढेच. बाकीच्यांनी काय केले याच्याशी वल्हे मारणाऱ्याला कर्तव्य नसते, आणि शेजारच्या होडीकडे बघत बसणाऱ्याला मागून शिव्याच बसतात. मॅच रेसमध्ये होड्या दोनच असतात, घड्याळाला काही किंमत नसते आणि दुसऱ्यापेक्षा एक वीत पुढे राहून रेषा ओलांडली तरी गुण पूर्ण मिळतो. खाशाबा जाधवांचे गोळेश्वर ज्या जिल्ह्यात आहे, तेथल्या माणसाने सांगलीकराला कुस्ती समजावून सांगण्याची गरज नाही. तरी एवढे आठवून पाहा की आखाड्यात जो मल्ल मागे जाऊन कब्जा घेतो त्याच्या हाती कुस्ती जाते, समोर असलेल्याच्या नव्हे. सुरुवातीच्या इशाऱ्याआधीची चार मिनिटे नेमकी अशीच असतात. इशारा होईपर्यंत मागची होडी वरचढ असते, इशारा झाल्यावर पुढची. सगळे कौशल्य मागून पुढे केव्हा यायचे ते ओळखण्यात आहे. तुमच्या प्रतिस्पर्ध्याला हे माहीत होते.

असे का होते, ते नियमांतूनच कळते. वर्ल्ड सेलिंग ही आंतरराष्ट्रीय संस्था शर्यतीचे नियम दर चार वर्षांनी नव्याने प्रसिद्ध करते. सध्या २०२५ ते २०२८ ची आवृत्ती चालू आहे आणि तिच्यातले परिशिष्ट सी मॅच रेसिंगसाठी आहे. मूळ नियम थोडे आहेत. वारा डाव्या अंगावर घेतलेल्या, म्हणजे पोर्ट टॅकवरच्या होडीने, वारा उजव्या अंगावर घेतलेल्या स्टारबोर्ड टॅकवरच्या होडीपासून दूर राहायचे. हा नियम १०. दोघी एकाच टॅकवर असून एकमेकींच्या शेजारी आल्या असतील, तर वाऱ्याकडच्या होडीने दुसरीपासून दूर राहायचे, हा ११. एकाच टॅकवर पण मागे-पुढे असतील, तर मागचीने पुढचीपासून, हा १२. आणि होडीची नाळ, म्हणजे पुढचे टोक, वाऱ्याची दिशा ओलांडून गेली की, पलीकडे वाऱ्याविरुद्ध चढण्याच्या कोनात येईपर्यंत त्या होडीने दुसरीपासून दूर राहायचे, हा १३. शिडे भरली की नाही याला येथे महत्त्व नाही, नाळेची दिशा पाहिली जाते. मॅच रेसमध्ये हेच बंधन जाइबलाही, म्हणजे वारा पाठीशी घेऊन शीड दुसऱ्या बाजूला नेणाऱ्या वळणालाही, लावले आहे: मोठ्या शिडाची खालची कड होडीच्या मध्यरेषेवरून पलीकडे गेली की ते शीड पुन्हा भरेपर्यंत दूर राहण्याची जबाबदारी वळणाऱ्याची.

आता तुमची जागा पाहा. तुम्ही पुढे होता, म्हणून नियम १२ प्रमाणे वाटेचा हक्क तुमचा होता. मात्र तो हक्क सरळ जात राहण्यापुरताच कामाचा होता. सुरुवातीची रेषा तुमच्या पाठीमागे होती, आणि परतायचे तर टॅक किंवा जाइब यांपैकी एक करणे भाग होते. वळायला सुरुवात करून नाळ वाऱ्यापलीकडे नेली, की त्या क्षणापासून हक्क जाऊन जबाबदारी येते. मागचा हुशार असेल तर तो अगदी तुमच्या रेषेत न राहता किंचित वाऱ्याकडे सरकतो, म्हणजे टॅकची वाट बंद होते. तुम्ही जाइबकडे झुकलात की तो किंचित खाली, वाऱ्याच्या उलट बाजूला येतो. तुमच्या हातात हक्काचा कागद असतो आणि दार त्याच्या ताब्यात असते.

पेनल्टी योग्य होती का, याचा हिशेब साधारण असा मांडता येईल. एंटरप्राइजसारखी होडी चार मीटरच्या आसपास लांब असते, म्हणजे तुमच्यातले अंतर आठ मीटर. मध्यम वाऱ्यात होडी चार नॉटने चालली, तर सेकंदाला दोन मीटर जाते. वारा आडवा घेऊन चाललेल्या होडीला टॅक करून पलीकडच्या चढाच्या कोनात यायचे, तर सुमारे १३५ अंश वळावे लागते. शिकाऊ हातांना त्याला पाच-सहा सेकंद सहज लागतात आणि वळताना होडीचा वेग मरतो. एवढ्या वेळात मागचा दहा-बारा मीटर पुढे आलेला असतो. म्हणजे तुमची नाळ चढाच्या कोनात येण्याआधीच त्याला सुकाणू फिरवावे लागले असण्याची शक्यता फार मोठी आहे, आणि तसे असेल तर नियम १३ मोडला. याउलट, तो बराच वाऱ्याआड, म्हणजे वारा येतो त्याच्या उलट बाजूला असेल आणि तुमचे वळण पुरे होईपर्यंत त्याला काहीच करावे लागले नसेल, तर पेनल्टी चुकीची ठरेल. त्यानंतर तुम्ही स्टारबोर्डवर, तो पोर्टवर, आणि हक्क तुमचा. पण नव्याने मिळालेल्या हक्कालाही नियम १५ ची मर्यादा आहे. स्वतःच्या हालचालीने हक्क मिळवणाऱ्याने दुसऱ्याला दूर होण्यापुरती जागा सुरुवातीला द्यावीच लागते, आणि हक्क असताना दिशा बदलली तरी नियम १६ तेवढीच जागा मागतो.

येथे अंपायरांचे काम कसे चालते ते सांगणे उपयोगी होईल. त्यांच्या बोटीत सहसा दोघे बसतात. एक पिवळ्या होडीच्या वतीने बोलतो, दुसरा निळ्या. ‘मी पिवळा, पोर्टवर, मागे, दूर राहतोय.’ ‘मी निळा, पुढे, हक्क माझा. लफ करतोय, नाळ वाऱ्याकडे वळवतोय. वाऱ्यापलीकडे गेलो, आता दूर राहणे माझ्याकडे.’ ‘मी पिवळा, सुकाणू फिरवावे लागतेय.’ हा संवाद सलग चालू असतो, त्यामुळे झेंडा वर जाईपर्यंत निर्णय बहुधा तयारच असतो. जी स्थिती शेवटची खात्रीने दिसली, ती बदलल्याची खात्री होईपर्यंत तीच चालू आहे असे ते धरतात. तुम्ही टॅक करत आहात हे खात्रीने दिसले, की चढाच्या कोनात आल्याची खात्री पटेपर्यंत त्यांच्या लेखी तुम्ही टॅकच करत असता. म्हणून वळणे पुरे झालेले दिसले पाहिजे. अर्धवट वळून रेंगाळणाऱ्या होडीला संशयाचा फायदा मिळत नाही. झेंड्यांचे अर्थ तुम्हाला माहीत असतीलच. तुमच्या प्रतिस्पर्ध्याने उंचावला तो लाल-पिवळ्या तिरक्या पट्ट्यांचा, वाय अक्षराचा झेंडा. अंपायरांनी हिरवा-पांढरा दाखवला तर पेनल्टी नाही. निळा किंवा पिवळा दाखवला तर त्या होडीला पेनल्टी. त्यासोबत लाल आला तर नियम मोडून फायदाही मिळवला, म्हणून ती लगेच फेडायची. काळा आला तर शर्यत संपली.

मग सव्वा मिनिट उरले असताना काय करायला हवे होते? प्रामाणिक उत्तर असे की त्या वेळी फार थोडे उरले होते; चूक अर्धा-पाऊण मिनिट आधीच झाली. मागचा चार-पाच होड्या दूर असताना, होडीला वेग असताना, टॅक करून परत फिरायला हवे होते. तो जवळ आल्यावर दोन मार्ग उरतात. एक म्हणजे शिडे सोडून होडी जवळजवळ थांबवणे. मागच्याला दूर राहायचे असल्याने त्याला बाजूने पुढे यावे लागते. तो वाऱ्याकडून आला तर तुम्ही वाऱ्याआडचे, म्हणजे हक्काचे होता आणि हळूहळू लफ करून त्याला वर ढकलू शकता. तो वाऱ्याआडून आला तर हक्क त्याच्याकडे जातो, आणि अनुभवी माणूस नेमका तिकडूनच येतो. मात्र नव्याने हक्क मिळवताना त्याला तुम्हाला जागा द्यावी लागते, आणि तो शेजारी आला की निदान जाइब नाही तर टॅक, यांपैकी एक दार उघडते. दुसरा मार्ग म्हणजे एखाद्या अडथळ्याचा आसरा घेणे. कमिटी बोट किंवा प्रेक्षकांची नांगरलेली बोट जवळ असेल तर तिच्याभोवती फेऱ्या मारता येतात. मागच्याला आत शिरता येत नाही आणि घड्याळ चालू राहते. पुष्कळांना हा रडीचा डाव वाटतो. मला वाटत नाही.

मुळात तुम्ही उजवीकडे एवढे दूर कसे गेलात, याचे उत्तर पहिल्या मिनिटात असणार. सुरुवातीला चार मिनिटे असताना निळी होडी रेषेच्या डाव्या टोकाबाहेर आणि पिवळी उजव्या टोकाबाहेर असावी लागते, आणि पुढच्या दोन मिनिटांत दोघांनी पलीकडून रेषा ओलांडून आत यायचे असते. पिवळी उजवीकडून येते म्हणून साहजिकच स्टारबोर्डवर असते, निळी पोर्टवर. पहिला वार पिवळ्याचा. त्यात मॅच रेसमध्ये नियम १६.२ काढून टाकला आहे. नेहमीच्या शर्यतीत पोर्टवरची होडी स्टारबोर्डच्या मागून निघत असेल, तर स्टारबोर्डने तिच्या अंगावर खाली वळून तिची वाट अडवायची नसते. येथे ते चालते. म्हणून पिवळी होडी थेट निळीच्या दिशेने झेपावते आणि निळीला बहुधा नाळ वाऱ्यात घालून उभे राहावे लागते. दोन्ही होड्या शेजारी-शेजारी वाऱ्याकडे तोंड करून, शिडे फडफडवत थांबतात. हे दृश्य बाहेरून गमतीचे दिसते. आत बसलेल्याची मात्र परीक्षा असते. होडी मागे सरकू लागते, सुकाणू उलटे काम करू लागते, आणि शीड हाताने उलट्या बाजूला ढकलून मागे सरकायला लागलात तर दूर राहण्याची जबाबदारी तुमची होते. आमच्या मुलांपैकी जो सर्वांत वेगवान आहे तो येथे सर्वांत आधी धीर सोडतो. त्याला थांबणे सोसत नाही. तो नाळ पाडून उजवीकडे पळतो आणि दुसरा त्याच्या मागे लागतो. तुमच्या बाबतीत हेच झाले असावे, असा माझा अंदाज आहे.

परतीच्या वाटेचा एक हिशेब मात्र मनाशी पक्का करून ठेवा, कारण मागून पुढे केव्हा यायचे ते त्यानेच ठरते. रेषेवर पोहोचायला उशीर होणार असेल तर परतताना पुढे असावे. लवकर पोहोचणार असाल तर मागे असावे. उशीर असताना पुढचा सरळ पूर्ण वेगाने रेषेवर जातो आणि मागच्याला त्याचा वापरलेला वारा मिळतो. वेळ शिल्लक असेल तर पुढच्याला तो कोठे तरी घालवावा लागतो, आणि मागचा खालून येऊन, वाऱ्याआडच्या हक्काने त्याला रेषेपलीकडे ढकलतो. सुरुवातीआधी रेषा ओलांडलेल्याला परत यावे लागते आणि परतताना दुसऱ्यापासून दूरही राहावे लागते. तुमच्या प्रतिस्पर्ध्याने तुम्हाला इतके दूर नेले की दोघांनाही उशीर होणार हे ठरले, आणि मागे असल्याने मोकळेपणाने वळण्याची सोय त्याच्याच हातात राहिली. त्यामुळे तुमची पेनल्टी झाली नसती तरी तो पुढेच परतला असता.

कमिटी बोटीजवळ नवखे नेहमी फसतात, म्हणून तेवढेही सांगतो. उजव्या टोकाला उशिरा येणारा बोटीच्या आणि पुढच्या होडीच्या मधल्या फटीत घुसू पाहतो आणि ‘जागा द्या’ म्हणून ओरडतो. खुल्या पाण्यातल्या सुरुवातीच्या खुणेपाशी, सुरुवात करायला येताना, अशी जागा मागण्याचा अधिकार नाही. वाऱ्याआडचा फट मिटवू शकतो, आणि वाऱ्याकडच्याने वेळीच थांबायचे किंवा वर वळून बोटीच्या बाहेरून जायचे. कण्हेरला आमची कमिटी बोट म्हणजे दगड बांधून नांगरलेला निळा ड्रम. त्याच्यावर नाळेने मारलेल्या पोचांच्या खुणा आहेत, आणि त्या सगळ्या याच चुकीच्या आहेत.

आता पेनल्टी फेडण्याविषयी. सुरुवातीआधी मिळालेली पेनल्टी सुरुवात झाल्यानंतरच फेडता येते, आणि लाल झेंडा नसेल तर ती लगेच फेडण्याची सक्ती नाही. चढाच्या, म्हणजे वाऱ्याविरुद्धच्या टप्प्यात जाइब करून पुन्हा चढाच्या कोनात यायचे, आणि उताराच्या, म्हणजे वाऱ्याबरोबरच्या टप्प्यात टॅक करून पुन्हा वाऱ्याबरोबर खाली वळायचे, अशी ती असते. चढावर हे सुमारे २७० अंशांचे वळण होते. तुम्ही सुरुवात होताच, दोघे जवळ असताना आणि तो वाऱ्याकडे असताना वळलात. त्याला एका दमात आयती आघाडी मिळाली. मी तुमच्या जागी असतो तर ती बाळगली असती. दोघांच्या शिल्लक पेनल्ट्या एकमेकींना रद्द करतात, म्हणून पेनल्टी असलेल्याला झटापट हवी असते आणि नसलेल्याला ती टाळायची असते. तुम्ही स्टारबोर्डवर येऊन त्याला ओलांडायला लावा. अंदाज चुकून त्याच्याकडून एखादी चूक झाली, तर हिशेब बरोबर होतो.

यातही परिस्थितीचा भाग आहे. शिल्लक पेनल्ट्यांची संख्या दोनवर गेली की काळा झेंडा बाहेर पडण्याच्या बेतात असतो. तिसरी मिळाली की बाद. मार्कजवळच्या, म्हणजे वळसा घालायच्या खुणेजवळच्या क्षेत्रात पेनल्टी फेडता येत नाही, आणि हे क्षेत्र मॅच रेसमध्ये तीन नव्हे तर दोन होड्यांच्या लांबीचे असते. पेनल्टी शिल्लक ठेवून अंतिम रेषा ओलांडली तर शर्यत पूर्ण झाली असे धरत नाहीत. माझी पद्धत अशी आहे की पहिल्या चढावर एक-दोनदा झटापटीचा प्रयत्न करावा. जमले नाही तर जेथे तसाही टॅक करायचाच होता तेथे टॅकऐवजी जाइब करून ती फेडावी. स्टारबोर्डवरून पोर्टवर जायचेच असेल, तर त्या जाइबची किंमत सरळ जाताना मध्येच गिरकी घेण्यापेक्षा कमी पडते. वाऱ्याची एखादी झुळूक गेल्यानंतरच्या मंद क्षणी फेडली तर आणखी कमी.

तिसऱ्या प्रश्नात तुमचा राग दिसतो, आणि तो मला समजतो. तुमच्या शिडांना स्वच्छ वारा मिळू न देणे नियमांत पूर्णपणे बसते. वारा कोणाच्या मालकीचा नाही. पुढच्याचे कामच ते आहे. तुम्ही आणि पुढचा मार्क यांच्यामध्ये राहिले की तुमचा वेग जास्त असूनही उपयोग होत नाही, कारण दरवेळी त्याच्या खराब वाऱ्यातून बाहेर पडण्यासाठी तुम्हाला टॅक करावा लागतो आणि तो तुमच्यापाठोपाठ करतो. नेहमीच्या शर्यतीत मागून खालच्या बाजूने शेजारी आलेल्या होडीला स्वतःच्या योग्य मार्गाच्या वर जाऊन दुसरीला ढकलता येत नाही. मॅच रेसमध्ये तो नियम १७ सुद्धा वगळला आहे. म्हणजे झटापटीला येथे जाणूनबुजून मोकळीक दिलेली आहे.

पुढच्याने हे काम सोडले तर काय होते, याचे सर्वांत गाजलेले उदाहरण २६ सप्टेंबर १९८३ चे. न्यूपोर्टला अमेरिका कप या मॅच रेसच्या स्पर्धेच्या सातव्या आणि निर्णायक शर्यतीत डेनिस कॉनर यांची लिबर्टी पुढे होती. उताराच्या टप्प्यात दोन्ही होड्या वेगवेगळ्या बाजूंना गेल्या, जॉन बर्ट्रांड यांच्या ऑस्ट्रेलिया टू ला तिच्या बाजूला चांगला वारा मिळाला, आणि अखेर ती ४१ सेकंदांनी जिंकली. १३२ वर्षे अमेरिकेत राहिलेला कप त्या दिवशी गेला. ऑस्ट्रेलिया टू उतारावर वेगवानही होती, त्यामुळे कॉनर यांना पूर्ण दोष देणारा मी नाही. उतारावर मागच्याचे शीड पुढच्याचा वारा खाते, म्हणून तेथे पुढे राहणे चढावरच्या इतके सोपे नसते. तरीही दोघांमधले आडवे अंतर वाढू देणे म्हणजे जुगार वाढवणे. वारा दहा अंश फिरला तर शेजारी असलेल्या दोन होड्यांत हातभर फरक पडतो. एकमेकींपासून दोनशे मीटर दूर असलेल्या होड्यांत शर्यत उलटते.

आमच्या कण्हेरला हे फार लवकर शिकायला मिळते. वेण्णेच्या खोऱ्यात दोन्ही बाजूंना डोंगर आहेत; पश्चिमेचा वारा सोंडांना वळसे घालून येतो आणि दर काही मिनिटांनी वीस-पंचवीस अंश फिरतो. येथे पुढच्याने मागच्याच्या अगदी डोक्यावर बसण्याचा हट्ट धरला, तर तो स्वतः प्रत्येक झुळकीच्या चुकीच्या बाजूला सापडतो. म्हणून मी मुलांना सैल पहारा शिकवतो: त्याच बाजूला राहा, त्याच्या आणि मार्कच्या मध्ये राहा, मात्र त्याचा वारा खाण्यासाठी स्वतःचे नुकसान करू नका. मुंबई बंदरात, समुद्राचा वारा दुपारी एकदा बसला की तो बराच स्थिर असतो; तेथे घट्ट पहारा परवडतो. तुमच्या प्रतिस्पर्ध्याने तुमच्या शर्यतीपुरते योग्यच केले.

पहाऱ्यातून सुटायचे असेल तर नुसता वेग वाढवून सुटता येत नाही. टॅक त्याच्यापेक्षा चांगला करावा लागतो, आणि दहा टॅकांत दर वेळी हातभर अंतर कापावे लागते. नाहीतर त्याला फसवावे लागते. आमच्याकडे एक पंधरा वर्षांचा मुलगा आहे. तो मोठ्याने ‘टॅक!’ म्हणतो, त्याचा जोडीदार खरोखर पलीकडच्या बाजूला जाण्यासाठी उठतो, नाळ थेट वाऱ्यापर्यंत येते, आणि पुढचा घाईने वळला की हा पुन्हा त्याच टॅकवर खाली येतो. नाळ वाऱ्याच्या रेषेपर्यंतच गेल्याने नियमाने त्याचा टॅक बदललेलाच नसतो. पुढचा मात्र वळून गेलेला असतो. पहिल्या दोन वेळा मीही फसलो. तिसऱ्यांदा त्याच्या जोडीदाराच्या पायांकडे पाहिले. खरा टॅक असतो तेव्हा तो पाय आधी ते अडकवायच्या पट्ट्यातून काढतो.

तुम्ही मुंबईत आहात आणि दोन सारख्या होड्या मिळू शकतात, असे तुमच्या लिहिण्यावरून दिसते. तर पुढचे दोन महिने पूर्ण शर्यती खेळू नका. दोन बोये टाकून रेषा तयार करा, एकाच्या हातात घड्याळ आणि शिट्टी द्या, आणि फक्त चार मिनिटांची सुरुवात खेळा. सुरुवात होऊन अर्धा मिनिट झाला की थांबा, झेंडे बदला, पुन्हा करा. एका दुपारी पंधरा-सोळा सुरुवाती सहज होतात. घड्याळवाल्याने प्रत्येक वेळी एवढेच लिहून ठेवायचे, की दोन मिनिटे उरली असताना मागे कोण होते, एक मिनिट उरले असताना मागे कोण होते, आणि शिट्टी झाली तेव्हा पुढे कोण होते. आमच्या वहीत या तिन्ही रकान्यांत जेव्हा एकच नाव येऊ लागले, तेव्हा मी पहिल्यांदा त्या मुलाला बाहेरच्या स्पर्धेला पाठवले. लाइफ जॅकेटशिवाय यातला एकही सराव करू नका; वाऱ्यात तोंड करून मागे सरकणारी होडी कधी आडवी होईल, याचा अंदाज मला अजूनही दर वेळी येत नाही.